बाकीच्या कुठे होत्या?

माझं लग्न ठरलं तेव्हा मी आईला सांगितलं, की होणारी नणंद कासवांच्या मणक्यात सुया घालते. आईने हातातलं काम खाली ठेवून विचारलं, घर नीट बघितलंयस ना. मी म्हटलं, घर बरं आहे, नणंद तेवढी अशी आहे. हा किस्सा मी पुढे वर्षानुवर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले, आणि वन्सं दर वेळी समोर बसून तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकत आल्या. चिडायच्या नाहीत. शेवटी फक्त एक दुरुस्ती करायच्या: मणक्यात नाही, मणक्यांच्या आतून जी मज्जेची दोरी जाते तिच्यात.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून चिकटल्या त्या तिथेच राहिल्या. काचेची नळी तापवून ओढायची, तिचं टोक डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक करायचं, आणि ते कासवाच्या मज्जेतल्या एका पेशीला नेऊन भिडवायचं, हे त्यांचं काम. पेशीत वीज उसळली की स्पीकरवर टक् असा आवाज येतो. शेजारच्या पेशींची खरखर मध्ये आली की सगळा दिवस वाया. एकच पेशी, एकटी, स्वच्छ ऐकू आली की वन्सं घरी जाताना आमच्याकडे काहीतरी गोड घेऊन यायच्या. आज कासव प्रसन्न झालं, असं आम्ही म्हणायचो.

पेशी किती वेगाने टकटकणार हे ठरवतं कोण, असं मी एकदा जेवताना विचारून बसले आणि ताटातलं सगळं गार झालं. वन्सं म्हणाल्या, एकेका पेशीच्या मागे हजारो जणी लागलेल्या असतात. काही तिला पुढे ढकलतात, काही मागे ओढतात. त्या ओढाताणीत जे उरेल त्यावर वेग ठरतो. शिवाय पेशीचा स्वतःचा स्वभाव असतो. प्रत्येक टक् झाल्यावर तिला दम खावा लागतो. तो खाऊन झाल्याशिवाय कोणी कितीही ओरडलं तरी ती पुन्हा हलत नाही. आणि बऱ्याचदा एकदा लागली की ढकलणारे थांबले तरी आपल्याच नादात चालू राहते. मी म्हटलं, ही तर मीच झाले. मास्तर इतके हसले की पाणी सांडलं.

मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ते कटिंग मास्तर होते. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, वर खडूने आखायचं, आणि कात्री एकदा आत गेली की थेट दुसऱ्या टोकाला बाहेर काढायची. मी त्याच कारखान्यात काजं करत होते, आमचं जुळलं तेही तिथेच, त्यामुळे लग्नानंतरही माझ्या तोंडात मास्तरच राहिलं.

त्यांची कात्री वळणावर अडायला लागली. बगलेचा गोल कापताना मध्येच थांबायची. आधी दोष धारेवर गेला, मग कात्रीवर, मग कापडावर. नवी कात्री आली तरी तेच. एके दिवशी चहाचा कप घेताना मी त्यांचा हात बघितला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये जो मांसाचा उंचवटा असतो, तिथे खळगा पडला होता. मी तो हात ओढून उजेडात धरला. ते म्हणाले, वय झालं. मी म्हटलं, वय काय एकाच हाताचं होतं का.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मानेतली नस दबली असेल म्हणून सांगितलं. पण खात्री करायला सुईची तपासणी करू, स्नायूत सुई घालून त्याची वीज ऐकतात, आणि मग मोठ्या डॉक्टरांना दाखवू, असं ठरलं. मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली ती पुढल्या महिन्यातली.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या लेकीचं जायचं ठरत होतं. ती हवामान खात्यात. दूरच्या एका बेटावर वेधशाळा आहे, तिथे वर्षभरासाठी तिची निवड झाली होती. त्या बेटावर वर्षातून एकदाच जहाज जातं. ते माणसं आणि वर्षाचं सामान उतरवतं, आधीच्यांना घेऊन येतं, आणि मग वर्षभर तिकडे कोणी फिरकत नाही. एकदा चढलं की चढलं. कॉलेजात असल्यापासून तिला हेच हवं होतं. पण बापाचा हात बघून ती म्हणाली, तपासणीत काही वाईट निघालं तर मी जाणार नाही, मी कळवून टाकते. मास्तर तिच्यावर ओरडले. मी ओरडले नाही. मला तर ती जायलाच नको होती, एकुलती एक लेक समुद्रापलीकडे एका खडकावर जाऊन बसणार याचं कौतुक मला कधीच नव्हतं. आता मला एक कारण मिळालं होतं आणि मी ते हातात धरून गप्प बसले होते.

तपासणीला वन्सं बरोबर आल्या. यंत्र त्यांच्या ओळखीचं, त्यामुळे तंत्रज्ञ म्हणून त्यांना आत बसू दिलं. मी बाहेर बाकावर पिशव्या सांभाळत बसले. दाराआडून टकटक ऐकू येत होती. मास्तरांनी जोर लावला की ती वाढायची, सोडला की थांबायची. दार उघडलं आणि आधी वन्सं बाहेर आल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी उठूनच उभी राहिले.

“काही झालेलं नाही त्याला,” त्या म्हणाल्या. “मी स्वतः ऐकलं. जोर लाव म्हटलं की पेशी काय सुटते गं! एवढ्या वेगाने, आणि इतकी स्वच्छ की जरासुद्धा खरखर नाही. आमच्याकडे असा आवाज मिळायला महिनेच्या महिने जातात.”

तपासणारा तरुण डॉक्टर मागून आला. त्याने मान हलवली आणि म्हणाला, रिपोर्ट पाठवतो, मोठे डॉक्टर सांगतील. त्याचं गप्प राहणं आम्हाला सभ्यपणा वाटलं. जाताना वन्संनी गोड घेतलं.

लेकीने दुसऱ्याच दिवशी होकार कळवला. मास्तरांना वन्संनी एक रबरी चेंडू आणून दिला आणि ते येता-जाता तो दाबत बसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. लेक जाणार याचं दुःख होतं, पण माणूस धड आहे, या बातमीपुढे ते दुःख मला परवडत होतं. मी तिच्यासाठी लोकरीचे मोजे विणले, तिने दोन जोड परत काढून ठेवले, बॅगेत जागा नाही म्हणून. बंदरावर मास्तरांनी तिला डाव्या हाताने जवळ घेतलं. उजवा हात नुसता तिच्या पाठीला टेकवला. वन्सं तेव्हा जहाजाकडे बघत होत्या, आमच्याकडे नाही. मला वाटलं, रडू लपवतायत.

त्यानंतरच्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. मानेची नस नव्हे. मज्जेतल्या ज्या पेशी स्नायू हलवतात, त्या एकेक करून मरतायत. हातापासून सुरुवात झाली आहे, पुढे पाय, जीभ, गिळणं, श्वास. थांबवण्यासारखं औषध नाही. त्यांनी हे नीट, न घाई करता सांगितलं, त्याबद्दल मला त्यांचा राग नाही.

मी वन्संकडे वळले. आता त्या बोलतील, तुमचं चुकतंय डॉक्टर, मी माझ्या कानांनी ऐकलंय, असं म्हणतील, याची मी वाट बघत होते. वन्सं फरशीकडे बघत होत्या. मग मी मास्तरांकडे बघितलं. असं काही ऐकल्यावर माणसाचं जे होतं त्यातलं त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, मला कसं होतंय ते.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणाले.

घरी आल्यावर दोघा भावंडांनी सगळं सांगितलं. तपासणीनंतर वन्संनी प्रयोगशाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं होतं, माझ्या भावाची पेशी अशी, माझ्या भावाची पेशी तशी. त्यांच्या सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की बाकीच्या कुठे होत्या? वन्संना आधी प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी कुणाला न सांगता स्वतःच्या अंगठ्याच्या मुळाशी सुई घातली आणि जोर लावला. त्यांच्या हातातून पत्र्यावर वाळू ओतावी तसा आवाज आला, शेकडो पेशींचा, एकमेकींत मिसळलेला, एकही वेगळी निवडता येणार नाही असा. निरोगी हात असा वाजतो. मेंदूने जोर मागितला की एकामागून एक पेशी कामाला लागतात, म्हणून कुणा एकीला धावावं लागत नाही. मास्तरांच्या हातात ती हाक घ्यायला एकच उरली होती, म्हणून ती जीव तोडून धावत होती.

“जन्मभर मी एकच पेशी ऐकायचं काम केलं,” वन्सं म्हणाल्या. “बाकीच्या गप्प असल्या की आम्हाला आनंद व्हायचा.”

त्या तशाच उठून कारखान्यात मास्तरांकडे गेल्या होत्या. जहाज सुटायला तेव्हा अजून काही दिवस होते. मास्तरांनी कात्री खाली ठेवली, ऐकून घेतलं, आणि बहिणीला म्हणाले, पोर जहाजावर चढेपर्यंत तोंड उघडायचं नाही. हिच्यापाशी तर नाहीच. त्यांनी ऐकलं. धाकटा भाऊ ना.

मी मास्तरांना विचारलं, का? मला का नाही सांगितलंत?

“तू तिला थांबवलं असतंस.”

“थांबवलंच असतं.”

“म्हणून नाही सांगितलं.”

मी वन्संना त्या दिवशी नको नको ते बोलले. तुमच्या चुकीच्या कानाने माझी लेक नेली, तुमच्या बंद तोंडाने ती तिकडे ठेवली, असं म्हणाले. त्या ऐकत राहिल्या, आणि या वेळी शेवटी काही दुरुस्ती केली नाही. मास्तरांशी मी बोलणं टाकलं. पण जो माणूस शर्टाचं बटण लावायला आपल्यासमोर येऊन उभा राहतो, त्याच्यावर रुसून किती वेळ राहणार? मी बटणं लावली. त्यांनी तेवढ्यात दोन गोष्टी मागून घेतल्या. एक, लेकीला यातलं काही कळवायचं नाही, कारण तिला येता येणार नाही, नुसती तडफडेल. दुसरी, वन्संना घरात येऊ द्यायचं. दोन्ही मी कबूल केल्या, मनातून एकही नाही.

बेटावरून दर रविवारी थोडा वेळ फोन लागायचा. सुरुवातीला बाप-लेक वाऱ्यापावसावर तासभर बोलल्यासारखे बोलायचे आणि मला शेवटचं खुशाली विचारण्यापुरतं मिळायचं. मग मास्तरांचे शब्द जड झाले. मी म्हटलं, घसा बसलाय. मग शब्द एकमेकांना चिकटायला लागले आणि ते स्वतःच फोन माझ्याकडे ढकलू लागले. मग मी म्हणू लागले की बाबा कारखान्यात आहेत, गणवेशाची मोठी ऑर्डर आहे. ती म्हणायची, रविवारी? मी म्हणायचे, शाळा सुरू होणार ना. मी असं खोटं बोलताना मास्तर समोर खुर्चीत बसलेले असायचे, स्पीकर चालू ठेवायला लावून. लेकीचा आवाज ऐकून त्यांचे डोळे ओले व्हायचे आणि मला ते पुसावे लागायचे, कारण हात वर जात नव्हता.

वन्संनी नोकरी सोडली. रोज सकाळी यायच्या, भावाचे हातपाय हलवून द्यायच्या, कूस बदलायच्या. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, की या दुखण्यात बहुतेक डोळे शेवटपर्यंत राहतात. म्हणून आम्ही ठरवून घेतलं: वर बघितलं की हो, मिटले की नाही. मास्तर तेवढ्यावर घर चालवायचे. मी भरवायला घेतलेला पहिला घास बघून डोळे मिटायचे, आणि मी म्हणायचे, मिटा, काढ्यासारखं दिसलं तरी जेवणच आहे ते. त्यांचा चेहरा हलायचा थांबला होता. हसू आलं की पूर्वी डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडायच्या, त्याही पडेनाशा झाल्या. मला ते हसतायत की नाही हे कळायचं बंद झालं आणि मी विनोद करणंही कमी केलं.

वर्ष संपत आलं. मोठे डॉक्टर म्हणाले, आता आठवड्यांचाच हिशोब आहे, घरीच ठेवा. मला त्याच्यात एकच गोष्ट दिसत होती, की जहाज निघायच्या बेतात आहे आणि ते परत येताना माझ्या लेकीला घेऊन येणार आहे. जायला आणि यायला मिळून महिना. मी मनातल्या मनात रोज तो महिना आठवड्यांना जोडून बघत होते.

त्या रविवारी लेकीचा आवाज वेगळाच आला, उड्या मारणारा. तिच्या जागी येणारा माणूस आजारी पडला होता. प्रमुखांनी तिला विचारलं होतं, आणखी एक वर्ष राहशील का. तिचं काम त्यांना फार आवडलं होतं. आजच हो-नाही सांगायचं होतं.

“राहू का गं आई?” ती म्हणाली. “बाबा बरे आहेत ना?”

मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी वर बघितलं. हो. खाली आणून पुन्हा वर बघितलं. वन्सं त्यांच्या पायाशी बसून टाच चोळत होत्या, त्यांचा हात थांबला. मी काही बोलेना, तेव्हा मास्तरांनी तिसऱ्यांदा वर बघितलं, आणि या वेळी नजर तिथेच धरून ठेवली, छताला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एवढं त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

“राहू नकोस,” मी फोनमध्ये म्हणाले. “परत ये. बाबांना चालता येत नाही, बोलता येत नाही. आजचं नाही हे. तू गेलीस तेव्हापासून आहे.”

मग ती म्हणाली, येते. म्हणाली, बाबांना सांग मी येते, माझी वाट बघा म्हणावं. आणि फोन तुटला.

मास्तरांनी डोळे मिटले होते. मी समोर जाऊन म्हटलं, रागवा, खुशाल रागवा. तुमच्या बहिणीने तुमचं ऐकलं, मी नाही ऐकणार. माझीही लेक आहे ती. त्यांनी डोळे उघडले नाहीत. झोप नव्हती, पापण्या घट्ट होत्या, अंगात उरलेला सगळा जोर तिथे लावला होता. मी भरवायला बसले तर तोंड उघडायलाही तयार नाहीत. वन्सं म्हणाल्या, राहू दे, उद्यापर्यंत जाईल राग. खरंही होतं ते. आमचं कितीही वाजलं तरी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते आपण होऊन काहीतरी बोलायचे, कापडाच्या थराबद्दल का होईना.

दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला. छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर येऊन बघून गेले आणि वन्संशी बाहेर बोलले, माझ्याशी नाही. मी उशाशी बसून सांगत राहिले, लेक निघतेय, थांबा. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. मास्तरांनी एकदा डोळे उघडले, पण ते ताप चढलेले डोळे होते, कुणावरच न थांबणारे. आणखी एक दिवस काढला त्यांनी. जहाज तेव्हा बेटाला लागलंही नव्हतं.

लेकीला बेटावरच कळवलं गेलं. ती आली ती वाऱ्याने तोंड भाजलेली, वर्षभरात दोन वर्षांनी मोठी झालेली. बॅग दारातच ठेवून ती बाबांच्या खुर्चीपाशी गेली, खुर्चीच्या हातांवरून हात फिरवला. माझ्यावर ओरडेल, आधी का नाही सांगितलंस म्हणून भांडेल, अशी माझी तयारी होती. ती भांडली नाही. माझ्याजवळ जमिनीवर येऊन बसली आणि तिने एवढंच विचारलं.

“मी येते म्हटल्यावर बाबांनी काय केलं?”

“हसले,” मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. मास्तरांच्या चेहऱ्याचा एकही स्नायू तेव्हा हलत नव्हता. वन्सं दारात उभ्या होत्या, त्यांना ते माहीत होतं. वाकून त्यांनी बॅग आत घेतली.